गाडी घेतली, हिशेब राहिला

(जिल्हा बैठकीत पुरंदर भागातील एका गाडीगटाच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही इथे मोठा विचार मांडायला उभे नाही. आम्ही ११ जणांनी मिळून एक जुनी डिझेल व्हॅन घेतली, तीन वर्षं चालवली, तिच्या पायी पैसे घालवले आणि भांडणंही केली. त्याचा जमाखर्च तुमच्यासमोर ठेवायला आलो आहोत. जिल्ह्यातले बरेच गट अशी गाडी घ्यायच्या विचारात आहेत. काहींनी इसारही दिला आहे. त्यांनी आमच्या ठेचेवरून शहाणं व्हावं, एवढाच हेतू.

गाडी का घेतली ते आधी सांगतो. २०१६ साली राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला. माल कुठेही, कुणालाही विकायची मोकळीक मिळाली. पण मोकळीक कागदावर असते आणि माल शेतात असतो. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही पुण्यातल्या सोसायट्यांच्या दारात वाटाणा, अंजीर, सीताफळ, टोमॅटो नेऊन विकले आणि दोन पैसे हातात राहतात हे डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा टेम्पो भाड्याचा होता. टाळेबंदी उठली तसा टेम्पोवाल्याने एका खेपेचा भाव २,८०० रुपयांवर नेला. त्याचं चुकलं असं आम्ही म्हणत नाही, त्यालाही गाडी पोसायची असते. पण त्या वेळी आम्हाला ते कळलं नाही. आम्ही म्हटलं, डिझेल किती लागतं? आठ-साडेआठ लिटर. ड्रायव्हरला किती? सहाशे. मग हा वरचे चौदाशे रुपये फुकट खातो. आपलीच गाडी घेऊ.

ही आमची पहिली चूक. दुसऱ्याचा खर्च मोजताना आपण डिझेल आणि ड्रायव्हर एवढंच मोजलं. भाजीच्या खर्चात कुणी नुसतं बियाणं आणि खत धरलं, तर आपण त्याला काय म्हणतो? बाकीच्या गोष्टी तुझा बाप देतो का, असं विचारतो. गाडीच्या बाबतीत आम्ही तेच केलं.

बैलाचे दात पाहिले, गाडीचे नाही

२०२१ च्या दिवाळी पाडव्याला गाडी आणली. २०१३ सालची, बंद पेटीची, आधी शहरात पाव-बिस्किटं वाहणारी. किंमत ३,४०,००० रुपये. आम्ही प्रत्येकी ४०,००० काढले होते, म्हणजे ४,४०,०००. त्यातले ६२,००० नाव बदलणं, विमा, पासिंग, दलाली आणि आतले रॅक यात गेले. हाती राहिले ३८,०००. आम्हाला वाटलं, हे डिझेलला वर्षभर पुरतील.

गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. विकणारा कोण तेही सांगत नाही, कारण दोष त्याचाही अर्धाच.

आपण बाजारात बैल घ्यायला जातो तेव्हा काय करतो? दात पाहतो. चालवून पाहतो. जू खांद्यावर ठेवून पाहतो. खूर उचलून पाहतो. गाडी घ्यायला गेलो तेव्हा आम्ही रंग पाहिला, आसनाचं कव्हर पाहिलं आणि मीटर पाहिला. मीटरवर १,१२,००० किलोमीटर होते. आठ वर्षं रोज शहरात माल वाहणारी गाडी, आणि एवढेच किलोमीटर! ब्रेकच्या पायपट्टीचं रबर गुळगुळीत झालं होतं, ड्रायव्हरची सीट एका बाजूला बसली होती. मीटर फिरवता येतो, रबराची झीज फिरवता येत नाही. हे आम्हाला पुढे मिस्त्रीने सांगितलं.

आता जुनी डिझेल गाडी कशी पाहावी ते सांगतो. वहीत लिहून घ्या.

गाडी सकाळी पाहायला जा आणि बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवली आहे, उद्या येतो म्हणून सांगा. डिझेल इंजिनाची खरी परीक्षा थंडीत पहिल्या सेल्फला होते. हीटर प्लग गेलेले असतील, कॉम्प्रेशन कमी असेल, नोझल थेंब गाळत असेल तर ते तेव्हाच कळतं.

मग मागे जाऊन धूर पाहा. थंड इंजिनाचा थोडा पांढरा धूर मिनिट-दोन मिनिटांत गेला तर चालतं. गेला नाही तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत जातं आहे. धूर काळा असेल तर हवा कमी आणि डिझेल जास्त, म्हणजे एअर फिल्टर, नोझल किंवा टर्बो. निळा असेल तर इंजिन ऑइल जळतं आहे आणि हे सगळ्यात महाग दुखणं आहे.

इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढा. भोकातून भकाभका वाफ येत असेल तर त्याला मिस्त्री बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. रिंगा-पिस्टन झिजलेत, इंजिन उतरवावं लागणार. झाकणाच्या आत साईसारखा पांढरट थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळण्याची शंका धरा आणि मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पुढे बोलू नका. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडा. गरम असताना उघडाल तर तोंड भाजेल. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला किंवा चालू इंजिनात बुडबुडे येत राहिले तर हेड गॅसकेट गेलं असं समजा.

सपाट जागेवर हँडब्रेक ओढून, वरच्या गिअरमध्ये टाकून क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच ठीक. इंजिन नुसतं घोंगावत राहिलं तर क्लच प्लेट संपलेली आहे. खाली वाकून चासीला मागाहून केलेलं वेल्डिंग आहे का पाहा, पाटे तुटलेले आहेत का पाहा. पुढचे टायर एकाच कडेला झिजले असतील तर चाकांची जोडणी बिघडली आहे.

शेवटी, डॅशबोर्डवरचा प्रत्येक काटा आणि प्रत्येक दिवा चालतो का पाहा. हे शेवटी सांगतो आहे, पण आमचं घर याच्यातच बुडालं.

साडेचारशे रुपयांचा काटा

आमच्या गाडीचा इंजिनाच्या उष्णतेचा काटा घेतल्या दिवसापासून हलत नव्हता. आम्हाला ते माहीत होतं. मिस्त्री म्हणाला, सेन्सर गेलाय, ४५० रुपये लागतील. आम्ही म्हटलं, पुढच्या वेळी बघू. गाडी चालते ना?

दुसऱ्याच महिन्यात क्लच गेला. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, फ्लायव्हीलचं फेसिंग आणि मजुरी मिळून ११,२०० रुपये. चौथ्या महिन्यात बॅटरी आणि सेल्फ गेले. शिल्लक ३८,००० मधली बरीचशी तिथेच संपली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, ते आम्हाला तेव्हा कळायला लागलं.

गाडी चालवायला आम्ही गावातलाच एक तरुण ठेवला होता. त्याने आम्हाला एकदा सांगितलं, रेडिएटरचं पाणी कमी होतंय. आम्ही म्हटलं, टाक. पंधरा दिवसांनी पुन्हा म्हणाला, रोज लिटरभर टाकावं लागतंय, कुठेतरी गळतंय, दाखवायला हवं. आम्ही म्हटलं, हंगाम आहे, गाडी गॅरेजला लावली तर माल कोण नेणार? तिसऱ्यांदा त्याने सांगितलं तेव्हा आमच्यातला एक जण त्याला म्हणाला, तुला खेप करायचा कंटाळा आलाय.

२०२२ चा एप्रिल. माल विकून येताना गाडीत पेंडीची १५ पोती घातली होती. दुपारी दोन वाजता दिवे घाट चढताना बॉनेटमधून वाफ आली. काटा मेलेला, त्यामुळे वाफ दिसेपर्यंत कळायला मार्ग नव्हता. त्याने गाडी लगेच बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, गार पाणी ओतलं नाही. जे करायला हवं ते सगळं केलं. पण तोवर हेड वाकलं होतं.

गाडी ओढून आणली. हेड उतरवणं, फेसिंग, गॅसकेट, वॉटर पंप, होज पाईप, ऑइल, कूलंट आणि मजुरी, एकूण २४,६०० रुपये. पाणी गळत होतं तेव्हाच पंप आणि पाईप बदलले असते तर साडेतीन हजारांत भागलं असतं.

गाडी अकरा दिवस बंद. टोमॅटोचा हंगाम. रात्री गटाची बैठक झाली आणि आम्ही काय केलं? त्या पोराला उभं केलं. गाडी तू तापवलीस म्हणून त्याच्या पगारातून ५,००० रुपये कापायचं ठरवलं. तो काही बोलला नाही. त्याची आई गटातल्या एकीच्या शेतावर मजुरीला जाते. बोलून कुठे जाणार?

चार दिवसांनी मिस्त्रीने जुना वॉटर पंप आमच्यापैकी दोघांच्या हातात ठेवला. पंपाच्या खालच्या बारीक भोकापासून पांढरट ओघळ वाळून घट्ट झालेला होता, त्यावर थरावर थर चढले होते. तो म्हणाला, हा डाग एका दिवसाचा नाही, महिन्यांचा आहे. कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?

सांगितलं होतं. तीन वेळा.

भावांनो, आपल्या मालाचा खर्च कुणी मोजत नाही, आपलं कुणी ऐकत नाही, ही आपली तक्रार आहे. ज्याच्या हातात स्टिअरिंग होतं त्याचं आम्ही ऐकलं नाही आणि तोटा त्याच्या अंगावर टाकला. त्याचे ५,००० आम्ही परत केले. गावात माफी मागितली. तो आज तिसऱ्या ओळीत बसला आहे. जिल्ह्यासमोर पुन्हा मागतो.

नेहमीची दुखणी आणि त्यांचा खर्च

या प्रकारानंतर तीन जण गट सोडून गेले. आठ उरले. तेव्हा बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या आमच्या एका ताई म्हणाल्या, भांडण नंतर करा, आधी वही घाला. त्या दिवसापासून दर खेपेचे किलोमीटर, डिझेल आणि गाडीवर झालेला प्रत्येक रुपया लिहिला. मागचा खर्च पावत्या गोळा करून भरला. २०२४ च्या दिवाळीपर्यंतचा, तीन वर्षांचा, ४६८ खेपांचा, ४६,८०० किलोमीटरचा हिशेब असा:

क्लच: ११,२०० रुपये
पाणी आणि हेडचं काम: २४,६०० रुपये
नोझल: २१,५०० रुपये
टर्बो: १०,५०० रुपये
ब्रेक: ९,४०० रुपये
पाटे, बुश, क्रॉस, बेअरिंग: ७,८०० रुपये
बॅटरी, सेल्फ, डायनमो: १०,९०० रुपये
टायर: २४,००० रुपये
ऑइल, फिल्टर, नेहमीची सर्व्हिसिंग: २२,००० रुपये
एकूण: १,४१,९०० रुपये

हे आमचे आकडे. तुमच्या गाडीला, तुमच्या गावच्या गॅरेजला थोडे कमी-जास्त होतील. पण दुखणी हीच असतील. त्यातली जी स्वतःच्या हाताने ओढवून घेतली ती सांगतो.

नोझल. स्वस्त पडतं म्हणून आम्ही एका ओळखीच्याकडून ड्रममधलं डिझेल घेत होतो. पावसाळ्यात ड्रममध्ये पाणी धरतं. आमच्या वडिलांच्या पिढीने मॅटॅडोर पाहिली. १९६९ साली ती बाजारात आली. तिच्या काळच्या इंजिनाचा पंप साधा, यांत्रिक. नोझल खोलून, पुसून, दाब लावून मिस्त्री गाडी चालू करून द्यायचा. आताच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल प्रचंड दाबाने केसापेक्षा बारीक भोकांतून जातं. त्यात पाण्याचा थेंब आणि गंजाचा कण गेला की नोझल संपला. चारपैकी तीन दुरुस्त झाले, एक नवा घालावा लागला. डिझेल फिल्टरच्या तळाला पाणी काढायचा स्क्रू असतो. आठवड्यातून एकदा तो सोडून पाणी काढायला दोन मिनिटं लागतात. डिझेल पंपावरूनच घ्या आणि फिल्टर वेळेवर बदला.

टर्बो. घाट चढून आलं की आम्ही लगेच चावी बंद करायचो, म्हणायचो डिझेल वाचलं. टर्बोचा दांडा त्या वेळी तापलेला आणि भरधाव फिरत असतो, त्याला ऑइल इंजिनाकडून मिळतं. इंजिन बंद केलं की ऑइल थांबतं. चढ चढून आल्यावर मिनिट-दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवा, मग बंद करा. दोन मिनिटांचं डिझेल वाचवायला गेलो आणि १०,५०० रुपये घालवले.

ब्रेक आणि पाटे. आमचा माल सासवडकडून पुण्याला जातो, म्हणजे भरलेली गाडी घाट उतरते. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की डिझेल वाचतं अशी समजूत आहे. ती खोटी आहे. गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर सोडला की इंजिन डिझेल घेणं बंद करतं किंवा अगदी कमी करतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं. वर सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. इंजिनच बंद केलं तर ब्रेकचा व्हॅक्युम जातो आणि पायडल दगडासारखं होतं. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा. यात पैशांचाच नाही, जिवाचा प्रश्न आहे. आणि टनभर मालाच्या गाडीत २० किलोचे ५० क्रेट बसतात. आम्ही ६५ लादत होतो. पंधरा क्रेटचं भाडं मिळालं आणि पाटा तुटला.

ज्या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो तो कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला बदलावाच लागतो. तो पाहून कळत नाही आणि तुटताना सांगून तुटत नाही. तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. जुनी गाडी घेतली आणि बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल, तर बदललेला नाही असंच धरून चाला.

आता १ एप्रिल २०२० नंतरच्या, बीएस सहा नियमाच्या गाड्याही जुन्या बाजारात यायला लागल्या आहेत. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा डीपीएफ असतो. जमलेली काजळी जाळायला गाडी मधूनमधून मोठ्या रस्त्यावर एका वेगाने पळावी लागते. नुसती गल्लोगल्ली थांबत फिरली की तो तुंबतो, दिवा लागतो, आणि दुर्लक्ष केलं तर बदलायला मोठी रक्कम लागते. काही जण तो काढून टाकायचा सल्ला देतात. ते बेकायदा आहे, पासिंगला अडकाल. अशी गाडी घेताना तो दिवा लागतो आणि विझतो का, हे मुद्दाम पाहा. कोणतीही कॉमन रेल गाडी असो, घेण्याआधी स्कॅनर लावून साठलेले दोष वाचून घ्या. त्याला काही शे रुपये लागतात.

खेपेचा खरा खर्च

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आमची खेप शंभर किलोमीटरची. गाडी लिटरला १२ किलोमीटर देते. ९३ रुपयांनी डिझेल धरलं तर ७७५ रुपये. ड्रायव्हर ६००. एवढाच आमचा हिशेब होता, १,३७५. सभासदांकडून भाडंही आम्ही त्याच बेताने घेतलं. दुरुस्ती आली की पुन्हा वर्गणी, आणि वर्गणी आली की भांडण.

वहीने काय दाखवलं? दुरुस्ती आणि टायर खेपेला ३०३ रुपये. विमा, पासिंग आणि कर वर्षाला ३८,०००, म्हणजे खेपेला २४४. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीचं पासिंग दोन वर्षांनी असतं, त्यापुढे दरवर्षी, हेही आम्ही घेताना धरलं नव्हतं. आणि ३,४०,००० ची गाडी तीन वर्षांनी १,९०,००० ला मागितली जात होती. म्हणजे दीड लाख झिजले, खेपेला ३२०. सगळं मिळून एका खेपेचा खर्च २,२४२ रुपये. शिवाय गाडी बंद होती तेव्हा २२ खेपा भाड्याच्या टेम्पोने केल्या, त्या वेगळ्याच.

टेम्पोवाला २,८०० घेत होता. आम्ही समजत होतो तो १,४०० खातो. त्याला खरे सुटत होते साडेपाचशेच्या आसपास. आपल्या मालाच्या बाबतीत शहरातला माणूस जे म्हणतो, तेच आम्ही त्या टेम्पोवाल्याला म्हणत होतो.

मग गाडी घेणं तोट्याचं ठरलं का? नाही. खेपेला साडेपाचशे वाचले, ४६८ खेपांचे अडीच लाखांवर होतात. माल कधी निघणार हे आपण ठरवलं, टेम्पोवाल्याने नाही. गाडी परवडते. पण ती परवडते हे आम्हाला तीन वर्षांनी कळलं, आणि तोवर तीन माणसं गेली होती. आमच्या अंदाजाने दुरुस्तीतले ४५,००० रुपये नुसत्या हलगर्जीचे होते. हेडचे २१,०००, टर्बोचे साडेदहा, बाकी नोझलचे. गाडी सोडून गेलेल्या तिघांना आम्ही वही दाखवली. एक जण परत आला आहे.

कराचंही सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी झाला. त्याआधी बऱ्याच भागांवर २८ टक्के होता. आमची सगळी दुरुस्ती जुन्या दरातली. व्यापाऱ्याला भरलेल्या कराची वजावट मिळते. शेतकरी नोंदणीत नाही, त्याला मिळत नाही. ट्रॅक्टरवरचा कर त्याच दिवशी ५ टक्क्यांवर आला. पण शेतातला माल गिऱ्हाइकापर्यंत नेणारी गाडी शेतीचं साधन आहे, असं अजून कुणी मानत नाही. तरीही पक्की पावती घ्या. पावती असली तर निकृष्ट पार्ट परत करता येतो आणि वहीत आकडा खरा लिहिला जातो.

काय करायचं

गाडी घ्यायला निघालेल्या गटांना आम्ही चार गोष्टी सांगतो.

पहिली. गाडीच्या किमतीत सगळे पैसे घालू नका. किमतीच्या चौथाईइतकी रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. तेवढी उरत नसेल तर ती गाडी आपल्या ऐपतीची नाही, लहान गाडी पाहा. पाहायला जाताना विकणाऱ्याचा मिस्त्री नको, आपला घेऊन जा. त्याला दिवसाची मजुरी द्या, ती वाया जात नाही.

दुसरी. पहिल्या खेपेपासून किलोमीटरला चार रुपये दुरुस्तीचे म्हणून वेगळ्या खात्यात टाका. आम्हाला तीन रुपये पडले, पण गाडी म्हातारी होत जाते. भाडं ठरवताना हे चार रुपये, विमा आणि झीज धरूनच ठरवा. सभासदाला भाडं जास्त वाटलं तर वही दाखवा.

तिसरी. बारीक काम त्याच आठवड्यात करा. गळतं पाणी, मेलेला काटा, वाजणारं बेअरिंग, जड झालेला क्लच. हंगाम आहे म्हणून गाडी थांबवत नसाल तर ती हंगामातच थांबेल.

चौथी. गाडीत एक वही ठेवा. ड्रायव्हरने त्यात रोज पाणी, ऑइल आणि जे खटकलं ते लिहावं, आणि गटातल्या एकाने रोज सही करावी. सही केली म्हणजे ऐकलं. त्यानंतर बिघाड झाला तर तो ड्रायव्हरचा नाही, सही करणाऱ्याचा. हा नियम आम्ही पाच हजार रुपये कापून आणि परत देऊन शिकलो.

आमची मोठी वही आणि गाडीतली वही, दोन्ही बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांना पाहायच्या त्यांनी पाहाव्यात, आकडे उतरवून घ्यावेत. गाडीही बाहेर उभी आहे. जेवणाच्या सुट्टीत आमचा ड्रायव्हर बॉनेट उघडून पाणी, फिल्टरचा स्क्रू, बेल्ट सगळं दाखवणार आहे. काय विचारायचं ते त्याला विचारा. आमच्यापेक्षा त्याला जास्त कळतं.